साखळदंडातील ग्रंथ

मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, बदली होऊन आलेल्या मराठी माणसाच्या कानी 'ट्रिप्लिकेन' हे नाव पहिल्या आठवड्यातच पडते. मूळ नाव त्याहून पुष्कळ गोड आहे. 'तिरु' म्हणजे श्री, 'अल्लि' म्हणजे कुमुद आणि 'केणि' म्हणजे तळे. कुमुदांचे पवित्र तळे ते तिरुवल्लिकेणी. येथे पार्थसारथीचे प्राचीन देऊळ आहे, अर्काटच्या नबाबांच्या घराण्याने १७९५ साली बांधलेली वालाजा मशीद आहे आणि पूर्वेस चेपाकचा महाल, विद्यापीठ व समुद्र आहे. मधल्या गल्ल्यांतून 'मॅन्शन' नावाच्या बहुखोल्यांच्या इमारती आहेत. एकटे राहणारे कारकून, परीक्षांना बसलेली मुले आणि नव्याने रुजू झालेले अधिकारी त्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढीत आले आहेत. अशा माणसांना संध्याकाळ खायला उठते, आणि तिच्यावर इडली-सांबार व पुस्तक हे दोनच उतारे या वस्तीत पूर्वापार उपलब्ध आहेत.

पुस्तकांचा नाद येथे जुनाच. १८७८ साली 'हिंदू' हे वृत्तपत्र काढणारे सहा तरुण तिरुवल्लिकेणीच्या साहित्यसभेतलेच होते. पावणेदोन रुपये उसने घेऊन त्यांनी पहिल्या अंकाच्या ८० प्रती छापविल्या. परंतु आज आम्हांस त्या वृत्तपत्राविषयी लिहावयाचे नाही. ज्याला पूर्वी पायक्रॉफ्ट्‌स रोड म्हणत आणि ज्याचे नाव आता महाकवी सुब्रह्मण्य भारती यांच्यावरून भारती सालै असे झाले आहे, त्या रस्त्याच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसत आले आहेत. वैद्यकाचे, हिशेबाचे, कायद्याचे, कादंबऱ्यांचे ढीग. आत कोणा अनोळखी माणसाचे नाव, कोणा शाळेचा शिक्का. या विक्रेत्याने कोणत्याही प्रकाशकाची परवानगी घेतलेली नसते आणि घेण्याची गरजही नसते. ती का नसते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आम्हांस मात्र वाटते की सार्वजनिक ग्रंथालयांचा सारा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे, आणि ई-पुस्तकांच्या आगमनाने ते उत्तरच बदलू लागले आहे.

उत्तर सोपे आहे. छापील प्रत एकदा विकली की त्या प्रतीपुरता प्रकाशकाचा अधिकार संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली एका कादंबरीच्या खटल्यात हे तत्त्व ठरविले. पुस्तक एका डॉलरहून कमी किमतीस विकू नये अशी सूचना प्रकाशकाने आत छापली होती. दुकानदाराने ती धुडकाविली आणि न्यायालयाने दुकानदाराचे म्हणणे मान्य केले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, सुधारणांनंतर, प्रती लोकांपुढे आणण्याचा जो हक्क ग्रंथकर्त्यास दिला आहे त्यातून आधीच प्रसारात आलेल्या प्रती वगळल्या आहेत. म्हणून पुस्तक विकता येते, देता येते, मुलाच्या नावे ठेवता येते, आणि ग्रंथालयास ते शंभर जणांना वाचावयास देता येते. ग्रंथालयाचा हा अधिकार प्रकाशकाच्या औदार्यातून आलेला नसून मालकीतून आलेला आहे.

मालकीचे फळ किती दूरवर पोचते हे पाहावयाचे असेल तर आपल्या मराठी माणसाने तंजावरास जावे. तेथील सरफोजी राजे १८३२ साली निवर्तले. त्यांनी युरोपातून मागविलेले हजारो छापील ग्रंथ, त्यांतील कित्येकांवर राजांची स्वाक्षरी, सरस्वती महालात आजही आहेत. संस्थान गेले, गादी गेली, कंपनी सरकारही गेले. १९१८ साली मद्रास सरकारने तो संग्रह सार्वजनिक केला आणि कोणाही जिज्ञासूस तो खुला झाला. राजांनी ते ग्रंथ विकत न घेता ठरावीक मुदतीच्या कराराने आणिले असते, तर त्यांच्या हयातीतच ती कपाटे रिती झाली असती.

याच कावेरीकाठच्या मुलुखात शियाळी गावी १८९२ साली जन्मलेले शियाळी रामामृत रंगनाथन पुढे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक ठरले. ते गणिताचे अध्यापक. तिरुवल्लिकेणीच्या शेजारी, चेपाकच्या समुद्रकाठी असलेल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवीत असत. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि तेथील सामसूम पाहून ते काही दिवसांतच 'मला माझा वर्ग परत द्या' म्हणून मागे आले! आधी विलायतेला जाऊन हे शास्त्र पाहून तर या, मग ठरवा, असे त्यांस सांगण्यात आले. ते गेले, लंडनमध्ये शिकले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि पुन्हा वर्गाचे नाव काढले नाही. १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. १९३१ साली त्या संघाने त्यांचा पाच नियमांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी मध्ययुगातील युरोपीय ग्रंथालयांचे वर्णन केले आहे. तेथे पुस्तके कपाटांना लोखंडी साखळीने जखडलेली असत. चोरी होऊ नये हा हेतू; परंतु साखळीच्या लांबीपलीकडे पुस्तक जाऊ शकत नसे, म्हणजे वाचकाने पुस्तकापाशी उभे राहावयाचे. पुस्तके उपयोगासाठी आहेत हा त्यांचा पहिला नियम या साखळीच्या विरुद्ध उच्चारलेला आहे. त्यांनी स्वतः विद्यापीठाची कपाटे वाचकांना खुली केली आणि वाचकाने हवे ते पुस्तक हाताने काढून पाहावे अशी व्यवस्था केली. त्याच १९३१ च्या ऑक्टोबरात तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे कनगसबै पिळ्ळै यांच्या उद्योगाने बैलगाडीतून फिरणारे ग्रंथालय सुरू झाले. गाडी खेड्यात येई, पुस्तके उतरत, बदलून घेतली जात आणि बैल पुढच्या गावाची वाट धरीत. ग्रंथालय म्हटले की थोरल्या इमारतीचे चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे येते त्यांनी ही गाडी अवश्य ध्यानात ठेवावी.

एवढ्याने भागणार नव्हते, हे रंगनाथनांना कळत होते. देणगीवर चालणारे वाचनालय देणगीदाराबरोबर मरते. म्हणून कायदा हवा, आणि कायद्यात पैसा हवा. अविनाशिलिंगम् चेट्टियार शिक्षणमंत्री असताना १९४८ साली मद्रास सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि १९५० पासून अमलात आला. स्वतंत्र भारतातील राज्यांच्या ग्रंथालय कायद्यांत हा पहिला. घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे ६ पै इतका अधिभार ग्रंथालयासाठी घ्यावयाचा, अशी तरतूद त्यात होती. पुढे तो वाढत जाऊन रुपयास १० पैसे झाला. तेव्हा जो मराठी अधिकारी तिरुवल्लिकेणीत घर घेऊन राहतो, तो तमिळ अक्षर न ओळखताही ग्रंथालयाचा आश्रयदाता असतो! आमच्या महाराष्ट्राने १९६७ साली आपला कायदा केला, हजारो वाचनालयांना अनुदान दिले, गावोगावी संस्था जगविल्या. पण कर मात्र बसविला नाही. त्यामुळे तेथील ग्रंथालय दरवर्षी अनुदानाच्या पत्राकडे डोळे लावून बसते.

इतके सारे उभे राहिल्यावर ई-पुस्तक आले. त्याचे स्वागत करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि दूरदेशी बदलीवर असलेल्या माणसास तर ते वरदानच वाटावे. ना टपालखर्च, ना ओझे. रात्री अकरा वाजता मनात आले की पाच मिनिटांनी पुस्तक हाती. २०१६ च्या डिसेंबरात ॲमेझॉनने आपल्या किंडल यंत्रासाठी मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके विकावयास काढली, तेव्हा आम्हांसही आनंदच झाला. परंतु 'विकावयास काढली' हे शब्द येथे सैलपणे वापरले जातात. विक्रेत्याच्या अटी बारकाईने वाचल्या तर तेथे विक्री नसून परवाना आहे. वाचकास वाचण्याची मुभा मिळते, वस्तू मिळत नाही. २००९ च्या जुलैत याच विक्रेत्याने ग्राहकांच्या यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या दुरूनच पुसून टाकल्या, कारण त्या प्रती ज्याने विक्रीस ठेविल्या होत्या त्याच्यापाशी हक्क नव्हते. पैसे परत मिळाले. त्यांतली एक कादंबरी '१९८४' होती हा योगायोग कोणा नाटककाराने योजिला असता तर आम्ही त्यास अतिरेकी म्हटले असते.

खासगी वाचकाचे असे. ग्रंथालयाचे याहून बिकट. विकलेली प्रत नाही म्हणजे मालकी नाही, आणि मालकी नाही म्हणजे उसने देण्याचा अधिकार नाही. मग प्रकाशक घालील ती अट. २०११ साली हार्पर कॉलिन्स या प्रकाशकाने अमेरिकेतील ग्रंथालयांना कळविले की एक ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की परवाना संपेल आणि नवा घ्यावा लागेल. दोन आठवड्यांची मुदत धरली तर २६ वाचक म्हणजे बरोबर एक वर्ष. छापील प्रत एवढ्यात फाटते, असे त्यावर समर्थन होते. बांधणीवाल्यास बोलावून, पाठीला कापड लावून एकच 'मृत्युंजय' वर्षानुवर्षे चालविणाऱ्या आमच्या वाचनालयांतील ग्रंथपालांना हे समर्थन ऐकविले पाहिजे. दुसरे काही प्रकाशक दोन वर्षांची मुदत घालतात आणि सामान्य ग्राहकाच्या कितीतरी पट किंमत ग्रंथालयाकडून घेतात. मॅकमिलनने २०१९ च्या नोव्हेंबरापासून नवे पुस्तक पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालयव्यवस्थेस, मग ते खेडे असो वा महानगर, एकच प्रत असा नियम केला. ग्रंथालयांनी बहिष्कार पुकारला आणि २०२० च्या मार्चात तो मागे घेतला गेला.

प्रकाशकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. छापील पुस्तक आणावयास घराबाहेर पडावे लागते, वाट पाहावी लागते, पाऊस लागतो; या गैरसोयींमुळे काही वाचक दुकानाकडे वळतो. घरबसल्या फुकट मिळू लागले तर विकत कोण घेणार, ही भीती खरी आहे. मराठीत जेथे हजारभर प्रतींची आवृत्ती संपावयास वर्षे लागतात तेथे ती अधिकच खरी आहे. परंतु भीती खरी असली म्हणून उसने देण्याचा सारा व्यवहार एका पक्षाच्या मर्जीवर सोपविणे न्याय्य ठरत नाही.

इतर देशांनी काय केले? युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ साली नेदरलँड्सच्या खटल्यात सांगितले की एका वेळी एक प्रत एकाच वाचकास दिली जात असेल तर काही अटींवर ई-पुस्तकाचे देणे छापील पुस्तकाप्रमाणे मानता येईल. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०२१ साली कायदा केला, की जे ई-पुस्तक सामान्य ग्राहकास मिळते ते ग्रंथालयांनाही वाजवी अटींवर दिले पाहिजे. प्रकाशकांच्या संघाने दावा लावला आणि २०२२ मध्ये तो कायदा रद्द झाला, कारण कॉपीराइट हा संघराज्याचा विषय. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने छापील प्रती जवळ ठेवून त्यांच्या चित्रित प्रती उसन्या देण्याचा उपक्रम चालविला होता. चार मोठ्या प्रकाशकांनी २०२० साली तिला न्यायालयात खेचले आणि २०२४ च्या सप्टेंबरात अपिलातही संस्था हरली.

आपल्याकडे खटला नाही, कारण कायद्यात प्रश्नच विचारलेला नाही. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एकेक प्रत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना पाठवावयाची असते. कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय आणि येथून फार दूर नसलेले एग्मोरचे कोनेमारा ग्रंथालय, जे १८९६ साली उघडले, ही ती चार. त्यामुळे मुंबई-पुण्यात छापलेले मराठी पुस्तक मद्रासेत यावे अशी तजवीज कायद्यानेच केली आहे. मात्र त्या कायद्यातील 'पुस्तक' शब्दाची व्याख्या कागदाच्या काळातली आहे, आणि प्रत न पाठविल्याचा दंड पन्नास रुपये व पुस्तकाची किंमत, एवढाच. जे पुस्तक केवळ ई-पुस्तक म्हणूनच निघते ते या जाळ्यातून निसटते. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी पुस्तकाची विद्युत्-प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण त्याची छापील प्रत आधीपासून जवळ असेल तरच. ती प्रत वाचकाच्या घरी पाठविता येते का, याविषयी त्या कलमात अक्षर नाही. किंडलवरची पुस्तके ग्रंथालयांतून उसनी देण्याची सोय तर अमेरिकेपुरतीच.

परिणामी विचित्र स्थिती झाली आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या आश्रयाने २००९ पासून विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना चालविली. मराठी पुस्तकांच्या पेट्या गावोगावी आणि पुढे दुबईसारख्या परमुलुखांतही गेल्या, मंडळींनी वाचल्या आणि आपसांत बदलून घेतल्या. मन्नारगुडीच्या बैलगाडीचीच ही नवी आवृत्ती. लाकडी पेटी समुद्र ओलांडून जाऊ शकते, कारण तिच्यातली पुस्तके कोणाच्या तरी मालकीची आहेत. ज्यास ना वजन ना आकार ते ई-पुस्तक मात्र एका मॅन्शनमधल्या शेजाऱ्यास देता येत नाही. ज्या श्रीनिवास रामानुजन यांनी याच तिरुवल्लिकेणीत हलाखीचे दिवस काढले, त्यांच्या प्रतिभेस चेतविणारे कार यांचे गणितसूत्रांचे पुस्तक १९०३ साली कुंभकोणम्‌च्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून दुसऱ्याच कोणाकरवी त्यांच्या हाती आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एकाच्या नावावरचे पुस्तक दुसऱ्याने वाचणे हा आजच्या परवान्याच्या भाषेत करारभंग ठरला असता.

आता ज्यांच्या नावाचा तो रस्ता आहे त्या भारतींकडे वळू. त्यांच्या ग्रंथांच्या हक्काची कथा आमच्या मते या सर्व प्रकरणात सर्वाधिक बोधप्रद आहे. भारती लोकमान्यांचे निस्सीम भक्त. १९०७ च्या सुरत काँग्रेसला गेलेले. शिवछत्रपतींवर काव्य लिहिणारे. पाँडिचेरीतील दहा वर्षांच्या अज्ञातवासानंतर ते अखेरीस तिरुवल्लिकेणीत राहिले आणि १९२१ च्या सप्टेंबरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, येथेच निवर्तले. त्यांच्या पत्नी चेल्लम्माळ यांनी पुस्तके छापण्याचा यत्न केला, पुढे हक्क त्यांच्या सावत्र बंधूंकडे गेले. १९२८ साली सरकारने देशगीतांची पुस्तके जप्त केली. ध्वनिमुद्रिकांचे हक्क तर निराळेच विकले गेले आणि फिरत फिरत ए. व्ही. मेय्यप्पन या चित्रपटनिर्मात्यांकडे आले. १९४७ च्या 'नाम इरुवर' या त्यांच्या चित्रपटात डी. के. पट्टम्माळ यांच्या कंठातून भारतींची गीते घरोघरी पोचली. मग १९४८ मध्ये दुसऱ्या एका चित्रपटात टी. के. षण्मुगम् बंधूंनी भारतींचे गीत वापरले, तेव्हा हक्काचा वाद न्यायालयापर्यंत गेला. ज्या कवीची गाणी लोकांनी प्रभातफेऱ्यांतून म्हटली ती म्हणावयास परवानगी लागावी, हे तमिळ जनांस सहन झाले नाही. लेखकांनी सभा घेतल्या, मागणी केली. आणि १९४९ साली ओमन्दूर रामस्वामी रेड्डियार यांच्या सरकारने कवीच्या कुटुंबीयांस रक्कम देऊन सारे हक्क ताब्यात घेतले. मेय्यप्पन यांनी आपला हक्क मोबदला न घेता सोडला. काही वर्षांनी सरकारने ते सर्वांस खुले केले, आणि मग कोणीही भारती छापू लागला. गरिबास परवडतील अशा आवृत्त्या निघाल्या.

मद्रासने ग्रंथालयाचा कायदा १९४८ साली केला आणि कवीचे हक्क १९४९ साली घेतले. दोहोंचे कर्ते एकच सरकार. ही दोन कृत्ये इतिहासलेखक वेगवेगळ्या प्रकरणांत लिहितात, परंतु आमच्या दृष्टीने ती एकाच विचाराची आहेत. पुढे तमिळनाडूत हा परिपाठच पडला. कल्कींपासून पुदुमैपित्तन्‌पर्यंत शंभराहून अधिक लेखकांचे ग्रंथ शासनाने वारसांस रक्कम देऊन 'नाट्टुडमै', म्हणजे राष्ट्राच्या मालकीचे केले. तमिळ व्हर्च्युअल अकॅडमीच्या संगणकीय ग्रंथालयात त्यांतले कित्येक कोणासही विनामूल्य वाचता येतात. तेथे २६ वाचकांची अट नाही. या योजनेत राजकारण नाही असे नाही. निवड कोणाची व्हावी यावर कुरकुर असते, आणि काही वारसांनी, रॉयल्टीचा झरा चालू असल्यामुळे म्हणा वा तत्त्वासाठी म्हणा, साफ नकारही दिला. तो त्यांचा अधिकार होता आणि शासनाने तो मानला. जिवंत लेखकास व त्याच्या प्रकाशकास हा मार्ग पुरणारा नाही, हेही उघड आहे.

आमच्याकडे काय आहे? साहित्य संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेविली, हे स्तुत्यच आहे. जे हक्कमुक्त झाले ते आहे: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की ग्रंथ सर्वांचा होतो, म्हणून १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची 'श्यामची आई' २०११ पासून कोणीही छापतो. परंतु २००० साली गेलेल्या पु. ल. देशपांड्यांची पुस्तके या नियमाने २०६० अखेर हक्कात राहणार. परगावी वाढणाऱ्या मराठी मुलाने तोवर थांबावे, असे कोणी म्हणणार नाही. त्यास ती ग्रंथालयातून मिळावयाची तर ग्रंथालयापाशी ती द्यावयाचा अधिकार असला पाहिजे.

या मासिकाचे पुष्कळ वाचक अधिकारी आहेत. कोणी कार्यालयाच्या ग्रंथालय समितीवर, कोणी क्लबाच्या, कोणी स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयावर. ई-पुस्तकांच्या पुरवठ्याचा करारनामा आता त्यांच्यापुढे सहीसाठी येऊ लागला आहे, आणि तो बहुधा 'खरेदी' या शीर्षाखाली येतो. सही करण्यापूर्वी त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो. मुदत संपल्यावर पुस्तक राहते की जाते. पुरवठादार कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर प्रती कोणापाशी राहतात. सभासदाची बदली होऊन तो दुसऱ्या राज्यात गेला तर त्याचे वाचन चालू राहते काय. आणि कोण काय वाचतो ही नोंद कोणाच्या दप्तरी जमा होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'जाते' असे आले, तर तो खर्च निदान 'ग्रंथखरेदी' या खात्यावर टाकू नये. 'भाडे' या खात्यावर टाकावा, म्हणजे पुढच्या वर्षी लेखापरीक्षकास तरी कळेल की कपाट रिकामे का आहे.